बिडी सोडवणारा डॉक्टर

सालवड, पास्थळ, सरावली या बोईसरलगतच्या गावांत राहून तारापूर औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या कामगाराला खोकल्याने धरलं, की तो आधी गल्लीतल्या दवाखान्यात जातो. डॉक्टर तपासतात, गोळ्या लिहून देतात आणि जाता जाता बजावतात, ‘बिडी बंद करा.’ सल्ला अगदी रास्त आहे. पण डोळे उघडताच ज्याचा हात काडेपेटीकडे जातो, त्याने बिडी बंद करायची कशी, हे सांगायची तयारी आपल्या बहुतेक डॉक्टरांकडे नाही. रक्तदाबाच्या रुग्णाला ‘रक्तदाब कमी करा’ एवढंच सांगून कोणी घरी पाठवत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार, वर्षभरात डॉक्टर किंवा आरोग्यसेवकाकडे गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी देशात ४८.८ टक्क्यांनाच सोडण्याचा सल्ला मिळाला होता. तंबाखू खाणाऱ्यांत तर ३१.७ टक्क्यांनाच. धूम्रपान करणारे ५५.४ टक्के लोक मात्र सोडण्याच्या विचारात होते. ‘सांगून कोण ऐकतं?’ ही डॉक्टरांची तक्रार या आकड्यापुढे टिकत नाही.

निकोटिनचं व्यसन हा उपचार असलेला आजार आहे. उठल्यावर पहिली बिडी किती वेळात लागते, या एका प्रश्नावरून व्यसनाची खोली कळते. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर साधारणपणे २ ऐवजी ४ मिलिग्रॅमचं निकोटिन गम द्यावं लागतं. ते कसं घ्यायचं हे कुणी सांगत नाही, म्हणून रुग्ण ते च्युइंगगमसारखं चघळत राहतो, उचक्या लागतात, मळमळतं आणि दोन दिवसांत पाकीट कोपऱ्यात पडतं. सावकाश चावायचं, तिखटसर चव आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चावायचं, आणि त्याआधी पंधरा मिनिटं चहा घ्यायचा नाही: हे सांगायला दोन मिनिटं लागतात. पहिला आठवडा सगळ्यात कठीण जातो, तेव्हा त्याच आठवड्यात रुग्णाला परत बोलवायला हवं. निकोटिनचा हा उपचार २००९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि २०२२ पासून आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. रुग्णाला १८००-११-२३५६ हा मोफत मदत क्रमांक लिहून देणं तर कुठल्याही दवाखान्याला जमण्यासारखं आहे.

ओपीडीत रांग लागलेली असते, वेळ कुठून आणायचा, हा आक्षेप खरा आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत डॉक्टरांकडून अपेक्षा केली आहे ती अर्ध्या ते तीन मिनिटांच्या सल्ल्याची. त्याच २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्केच, मग एवढा खटाटोप कशाला, असंही विचारलं जाईल. पण त्यात तंबाखू खाणारे, मिश्री लावणारे २४.४ टक्के आहेत, आणि ‘सिगरेट पिता का?’ एवढंच विचारलं तर ते सगळे प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणून सुटतात. तारापुरात मात्र सगळ्यात जोराने येणारा आक्षेप वेगळा आहे: इथली हवाच विषारी, बिडी सोडून काय मिळणार? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशातलं सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरलं होतं, तेव्हा हा राग अनाठायी नाही. पण धूर दोन्हीकडून येत असेल तर फुप्फुसाला दोन्ही भोगावे लागतात. बिडीचं निमित्त करून कारखान्यांना सोडू नये आणि कारखान्यांचं निमित्त करून रुग्णाला वाऱ्यावर सोडू नये.

खरी संधी कारखान्यातच आहे. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराची दर बारा महिन्यांच्या आत वैद्यकीय तपासणी बंधनकारक ठरली. जो कामगार स्वतःहून डॉक्टरकडे फिरकत नाही, तोही या तपासणीला डॉक्टरसमोर बसतो. तिथे बिडी, सिगरेट, तंबाखू, मिश्री यांची नावं घेऊन विचारावं, सोडायची इच्छा दिसली तर त्याच दिवशी औषध सुरू करावं आणि पुढच्या आठवड्याची तारीख द्यावी. एक अट मात्र हवी: ही नोंद उपचारापुरतीच राहावी. उद्या कामगाराला दम्याची भरपाई नाकारायला ती व्यवस्थापनाच्या हाती पडणार असेल, तर तो खरं सांगणार नाही, आणि त्यात त्याची चूक नसेल. कारखान्यात तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना, तसंच गल्लीतल्या आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या पदवीधरांना, हे दोन दिवसांत शिकवता येईल. ते प्रशिक्षण जिल्हा आरोग्य विभागाने आणि कारखानदारांनी मिळून बोईसरमध्येच द्यावं.