यूव्ही टॉर्च घेताय? एलईडी मोजू नका, आकडा वाचा

दुकानात नोट तपासायला किंवा रात्री अंगणात विंचू शोधायला खिशात मावणारी अतिनील टॉर्च उपयोगी पडते. ती घेताना ग्राहक बहुधा एलईडी किती, हे पाहतो. खरे तर पाहायला हवी ती तरंगलांबी.

३९५ की ३६५?
स्वस्तातल्या बहुतेक टॉर्च ३९५ नॅनोमीटरच्या असतात. त्यांच्या जांभळ्या उजेडात फिकी चमक हरवते. हिरवट-निळा चमकणारा विंचू त्यातही दिसतो. नोटेसाठी मात्र ३६५चीच घ्यावी. पुढे काळी फिल्टर काच असेल तर उत्तम. ५१ एलईडींच्या ३९५पेक्षा एकाच एलईडीची ३६५ सरस ठरते.

नोट कशी ओळखाल?
खऱ्या नोटेचा कागद मंद राहतो. क्रमांक आणि कागदातले तंतू चमकतात. साधा कागद निळसर-पांढरा उजळतो. पण खिशात राहून कपड्यांबरोबर धुतली गेलेली खरी नोटही उजळू शकते. म्हणून केवळ टॉर्चच्या भरवशावर गिऱ्हाइकाला चोर ठरवू नये. सुरक्षा धागा, वॉटरमार्कही पाहावा.

धोका कुठे?
३६५चा उजेड मंद भासतो, त्यामुळे डोळ्याची बाहुली पुरेशी आकुंचत नाही. अतिनील किरण मात्र पडतच राहतात. टॉर्च डोळ्यांवर मारू नये, मुलांच्या हाती देऊ नये. ‘जंतू मारते’ या जाहिरातीलाही भुलू नये. निर्जंतुकीकरणासाठी यूव्ही-सी किरण वापरतात, ते या टॉर्चमध्ये नसतात.

वेष्टनावर तरंगलांबीच छापलेली नसेल, तर ती टॉर्च कितीही स्वस्त असली तरी महागच.