पोरगी काही खात नाही म्हणे

तामिळनाडूतल्या शाळांच्या न्याहारीतून सोमवारचा उपमा गेला, या बातमीचं मला फार कौतुक वाटलं होतं. 15 सप्टेंबर 2022 ला मुख्यमंत्री स्टालिन यांनी मदुराईत सरकारी प्राथमिक शाळांसाठी सकाळची न्याहारी सुरू केली, आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये ती राज्यभर नेली. उपमा, खिचडी, पोंगल आणि सोबत भाज्या घातलेलं सांबार असा बेत. मग 2025 मध्ये मंत्री गीता जीवन यांनी विधानसभेत जाहीर केलं की सोमवारी उपम्याऐवजी पोंगल आणि सांबार मिळेल. मुलांच्या आवडीचा विचार झाला, पण सांबारातल्या भाज्या तिथंच राहिल्या. मुलांचं कुठं ऐकायचं आणि कुठं नाही, हे लाखो ताटं वाढणाऱ्या सरकारला कळतं. एक ताट वाढणाऱ्या घरात मात्र त्यावरून रोज रडारड.

माझी नोकरी भुदरगड तालुक्यात अंगणवाडी पर्यवेक्षिकेची झाली. वजनकाटा, दंडघेर मोजायची पट्टी आणि वाढीचे तक्ते यांतच उमर गेली. आता लेकीकडे चेन्नईतल्या वेलचेरीत असते. लेक आणि जावई दोघं तारामणीच्या आयटी पार्कात, आणि नात पाच वर्षांची. इथं मराठी घरं पुष्कळ. नोकरीसाठी आलेली, शंभर फुटी रस्त्याच्या आसपास भाड्यानं राहणारी तरुण जोडपी. मी अंगणवाडीतली आहे हे कळलं की लिफ्टमध्येसुद्धा गाऱ्हाणं सुरू होतं, ‘काकू, आमची पोरगी काही म्हणजे काही खात नाही हो.’

मी विचारते, घरात शिजतं काय? उत्तर ठरलेलं. बटाटा, फ्लॉवर, मटार, पनीर, तुरीचं वरण. कंटाळा आला की मोबाइलवरून मागवलेलं काहीतरी. आणि खाली रस्त्यावर कीरैवाली अम्मा टोपली घेऊन बसलेली असते. अरैकीरै, मुळैकीरै, शेवग्याचा पाला, पोन्नांगण्णी, तोंड आलं की खायची मणत्तक्काळी. एवढ्या पालेभाज्या मी गारगोटीच्या आठवडी बाजारातही एका टोपलीत पाहिल्या नाहीत. त्यांच्यावरून ही मंडळी नजर फिरवून पुढं जातात. ‘ते कसं करतात काय माहीत’ असं म्हणतात. चार वर्षं इथं राहून केळफूल घरात न आणलेली बाई मला सांगते की मूल नवीन काही तोंडात घेत नाही. घरातलं सगळ्यात चोखंदळ माणूस बहुतेक वेळा पस्तिशीचं असतं, आणि ते पडवळाला हात लावत नाही म्हणून पडवळ घरातच येत नाही. मुलाला दोष देणं सोपं, कारण त्याला उलट बोलता येत नाही.

मुलं नव्या अन्नाला बिचकतात हे खरं आहे. दोन ते सहा या वयात हे बिचकणं जास्त असतं, आणि त्यात आजार काही नाही. पण त्यावरचा उपाय पाककृतीत शोधायची आपली खोड आहे. माझं म्हणणं असं की उपाय पंगतीत आहे. लीआन बर्च नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी 1980 मध्ये एक साधा प्रयोग छापला. एखाद्या मुलाला एक भाजी आवडते, दुसरी नाही. त्याला जेवायला अशा मुलांबरोबर बसवलं, ज्यांना ती दुसरीच भाजी आवडते. कुणी काही समजावलं नाही. चार दिवसांत ते मूल आपण होऊन नावडती भाजी आधी उचलायला लागलं. अंगणवाडीत हे आम्ही रोज बघायचो. घरी मटकीला तोंड वाकडं करणारं पोर ओळीत बसलं की वाटी पुसून उसळ खायचं, आणि आई दारात उभी राहून तोंडात पदर धरायची.

डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग वादळाचा पाऊस आला तेव्हा वेलचेरीत पाणीच पाणी झालं. लाइट गेली, दुकानं बंद. आमच्या इमारतीत ज्याच्या घरी जे होतं ते तिसऱ्या मजल्यावरच्या मामींकडं गोळा झालं. मोठ्या पातेल्यात मिरी-जिऱ्याचं पोंगल आणि वांग्याचं गोत्सु. लहान मुलं जिन्याच्या पायऱ्यांवर ओळीनं बसली. आमच्या शेजारचा मुलगा, ज्याच्या घरात वांग्याचं नावही काढायची सोय नव्हती, त्यानं गोत्सु दुसऱ्यांदा मागितलं. मोठी माणसं म्हणाली, बघा, भूक लागली की सगळं खातात. मला ते पटलं नाही. घराघरांत बिस्किटांचे पुडे होते, केळी होती, उपाशी कुणीच नव्हतं. फोनची बॅटरी तेवढी उतरली होती, आणि शेजारी बसलेली मुलं खात होती. पाणी ओसरलं, फोन चार्ज झाले, आणि त्या मुलाचं वांगं पुन्हा बंद झालं. त्याच्या घरी ते शिजतच नाही, तर चालू राहणार कसं?

त्या मामी तंजावर मराठी. व्यंकोजीराजांबरोबर सतराव्या शतकात जी माणसं कावेरीकाठी गेली, त्यांच्यातल्या कुणाच्या तरी वंशातल्या. त्यांचं मराठी ऐकताना मला आधी हसू यायचं, आता कान सरावले. सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडलं ही कथा त्याही सांगतात. मी ऐकून घेते, पुरावा मागत नाही. पण त्यांच्या घरची डांगर पचडी खाल्ली आणि गप्प झाले. उडदाचं पीठ दह्यात कालवलेलं, वर हिंग-मोहरीची फोडणी. आमच्याकडं पापडाच्या दिवसांत जे डांगर करतात त्याची ही सख्खी बहीण. आणि त्याच ताटात केळफुलाची उसिलि, वाळवलेल्या सुंडक्काईचं कुळंबू, केळीच्या गाभ्याचं कूट्टू. घरचं सोडलं नाही आणि दारातलं नाकारलं नाही. दुसऱ्या सरफोजीराजांच्या मुदपाकखान्यातल्या पाककृतींचं ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयानं जपलं आहे. राजेसुद्धा परमुलखात येऊन नवं जेवायला शिकले. आपण दोन बेडरूमच्या फ्लॅटात बसून साताऱ्याच्या वाटाण्याची वाट बघतो.

आता आयांच्या युक्त्यांबद्दल. पहिली, लपवायचं. बीट पराठ्यात, पालक डोशाच्या पिठात, दुधी थालीपिठात. पोटात जातं हे खरं, आणि थालीपिठात दुधी मलाही आवडतो. पण दुधी कसा दिसतो, कसा लागतो हे मुलाला कळलंच नाही तर उद्या दुधीची भाजी ते खाणार कशी? लपवलेलं एक दिवस सापडतं, आणि मग आवडीचा पराठाही संशयात जातो. घालायचं तर सांगून घाला.

दुसरी युक्ती लाचेची. भाजी संपव, मग चॉकलेट. बर्च बाईंनीच 1984 मध्ये दाखवलं की मुलांना केफिर नावाचं ताकासारखं पेय बक्षिसाच्या बोलीवर पाजलं तर ते त्यांना पुढं कमी आवडायला लागतं. मुलाचा हिशोब सरळ असतो, ज्याच्यासाठी मला पैसे मोजतात ते काहीतरी वाईटच असणार.

तिसरी जबरदस्तीची, आणि ती आपल्या संस्कारांत बसते म्हणून सोडवत नाही. पानात टाकायचं नाही, हे मीही मानते. पण मग वाढतानाच चमचाभर वाढा. 2006 मधल्या एका अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना सूप दिलं होतं. ‘संपव बघू’ म्हणत मागं लागलं तेव्हा ती कमी प्यायली आणि कुरकुर जास्त केली. अंगणवाडीतली मदतनीस हे काही न वाचता जाणायची. ती वाढायची आणि दुसऱ्या मुलाकडं वळायची.

मग करायचं काय? आणायचं, शिजवायचं, सगळ्यांनी खायचं, आणि मुलाच्या ताटात एक घास ठेवून दुसऱ्या विषयावर बोलायचं. त्यानं खाल्लं नाही तर चेहरा न पाडता उचलायचं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. एखादी चव आपलीशी व्हायला आठ-दहा, कधी पंधरा वेळा ती समोर यावी लागते असं या विषयावरचे अभ्यास सांगतात. आणि आपण दोनदा करून ‘तिला आवडत नाही’ असा शिक्का मारतो. नवं एकटं वाढू नये, ओळखीच्या सोबतीनं वाढावं. शेवग्याचा पाला नुसता परतला तर कडसर लागतो, अडईच्या, म्हणजे डाळ-तांदळाच्या जाड डोशाच्या, पिठात मूठभर टाकला तर खुसखुशीत होतो आणि हिरवा दिसतोही. अवरक्काईचं पोरियल आपल्या घेवड्याच्या भाजीच्या इतकं जवळ आहे की वर ओलं खोबरं आणि उडीद डाळीची फोडणी दिली की कुठल्याही कोल्हापुरी पोराला परकं वाटणार नाही. केळफूल सोलायचं काम तर मुलांनाच द्यावं. एकेक पाकळी उलगडून आतल्या फुलांमधला तो कडक दांडा ओढून काढायला त्यांना भलतं आवडतं. हात चिकट होतात, आधी तेल लावा. सोलणारं मूल त्याच दिवशी खाईल असं नाही, पण ताटात ते दिसल्यावर किंचाळत तरी नाही.

चवीची ओळख तर जन्माच्या आधीच सुरू होते. फिलाडेल्फियाच्या ज्युली मेनेला यांनी 2001 मध्ये दाखवलं की ज्या आया गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना गाजराचा रस प्यायल्या, त्यांच्या बाळांनी गाजराच्या चवीची पेज जास्त खुशीनं खाल्ली. माझी लेक पोटुशी असताना नऊ महिने ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये रसम-भात जेवत होती. नातीला रसमची चव परकी नाहीच, परकी आम्हा मोठ्यांना.

आणखी एक गोष्ट आया कबूल करत नाहीत. ‘खात नाही’ म्हणणाऱ्या पुष्कळ घरांत मूल दिवसभर दूध पीत असतं. सकाळी ग्लास, शाळेतून आल्यावर ग्लास, झोपताना बाटली, मध्ये बिस्किटं. भूक लागायला जागाच नाही. दुधात लोह जवळपास नसतं, आणि दुधावर वाढलेलं गुबगुबीत मूल फिकट निघतं हे मी किती वेळा पाहिलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या पाच वर्षांखालच्या 67 टक्के मुलांत रक्त कमी आढळलं, आणि ती सगळी काही गरिबाघरची नसणार. दूध कमी करा म्हटलं की आजी लोक माझ्यावर रागावतात. रागवू देत.

काही मुलांचं मात्र खरंच वेगळं असतं. घास गिळताना ठसका लागतो, ठरावीक पोताचं अन्न तोंडात गेलं की ओकारी येते, खाण्याचे पदार्थ महिन्यागणिक वाढण्याऐवजी कमी होत जातात, वजनाची रेघ आडवी पडते. तिथं माझं पंगतीचं तत्त्वज्ञान गुंडाळून ठेवा आणि बालरोगतज्ज्ञांकडे जा. एग्मोरला मुलांचं मोठं सरकारी रुग्णालय आहे, वेलचेरी स्टेशनवरून लोकलनं पार्क टाऊनला उतरलं की ते फार लांब नाही.

पुन्हा शाळेच्या ताटाकडं वळते. महाराष्ट्राबद्दल लिहायला हात जड होतो. तामिळनाडूनं शाळेच्या जेवणात 1989 मध्ये अंडं आणलं, 2010 पासून आठवड्याचे पाचही दिवस ते मिळतं, न खाणाऱ्याला केळं. जयललितांच्या काळात तेच अंडं कधी मिरी लावून, कधी टोमॅटोच्या मसाल्यात द्यायला सुरुवात झाली, म्हणजे मुलाला त्याचा वीट येऊ नये याचाही विचार झाला. आपण 2023 च्या अखेरीस आठवड्याला एक अंडं सुरू केलं आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी काढून घेतला, हवं तर लोकवर्गणीतून द्या म्हणून. एकच चव पुन्हा पुन्हा समोर येण्यात सगळं आहे म्हणतात, आणि इथं वर्षभरात ताटातून वस्तूच उचलली. मुलांना काय आवडतं हे पुण्यामुंबईच्या आयांनी मला विचारण्याआधी मंत्रालयात विचारावं.

आमच्या भागातल्या मराठी मंडळींचा गणपती असतो. दरवर्षी महाप्रसादाला मोठ्यांसाठी मसालेभात, अळूचं फदफदं, कोशिंबीर, आणि कोपऱ्यात मुलांसाठी वेगळं टेबल. त्यावर नूडल्स, बटाट्याच्या काड्या आणि लाल सॉस. मुलांनी तीन दिवस आपल्याच वयाच्या, तेच खाणाऱ्या मुलांबरोबर बसायचं आणि अळू दुरूनही बघायचं नाही, याची व्यवस्था आपण वर्गणी काढून करतो. यंदाच्या बैठकीत मी सांगितलं की ते टेबल लावायचं नाही, मुलं मोठ्यांच्या ओळीत बसतील, आणि प्रसादात एक दिवस केळफुलाची भाजी असेल, मामी येऊन करतील. दोन आयांनी नाराजी लगेच कळवली. एका बाबांनी विचारलं की मग मुलांनी खायचं काय. केळफुलं सोलायला मुलं लागणार आहेत, आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला पार्किंगमध्ये. जुने कपडे घालून पाठवा.