नाव कोरलं, हकिकत राहिली

देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद शाह याचा सुभेदार राजाखान पठाण. त्याने 1700 च्या सुमारास तुमसरजवळ सातपुड्याच्या डोंगरावर आंबागड बांधला. पुढे गड नागपूरच्या पहिल्या रघूजी भोसल्यांकडे आला आणि तिथे कैदी ठेवू लागले. त्याच रघूजींची तलवार 29 एप्रिल 2025 रोजी लंडनमध्ये लिलावाला निघाली. राज्य सरकारने ती सुमारे 47 लाख 15 हजार रुपये मोजून घेतली.

पातं सरळ, एकधारी, युरोपात घडलेलं. मूठ मुल्हेरी घाटाची, कोफ्तगरी केलेली. पात्यावर सोन्याची देवनागरी अक्षरं: श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग.

कोफ्तगरी हे आपल्या कट्यारी-खंजिरांवरचंही काम. पोलाद आडवंउभं खरवडायचं, त्या खाचांत सोन्याची तार ठोकून बसवायची, तापवायची, मग घोटून चकाकी आणायची. अशी कट्यार रणात कमी, दरबारात जास्त दिसे. तह झाला, पाहुणा आला की पोशाखाबरोबर मानाचं हत्यार द्यायची रीत होती. 1875-76 च्या दौऱ्यात इंग्लंडच्या युवराजाला संस्थानिकांनी असे नक्षीदार खंजीर आणि तलवारी दिल्या. कोल्हापूरकरांनी दिलेली तलवार आजही इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे.

मग रघूजींची तलवार साहेबाकडे कशी गेली? 1817 च्या सीताबर्डीच्या लढाईनंतरच्या लुटीत गेली असेल, किंवा भोसल्यांनी इंग्रजांना भेट दिली असेल. जाणकार दोन्ही शक्यता सांगतात. माझ्या लेखी हा फरक फार मोठा आहे. दिलेली भेट आपण परत मागू नये. पण लुटून नेलेली वस्तू आपणच पैसे मोजून सोडवली असेल, तर ते सलतं. पात्यावर धन्याचं नाव आहे. देवघेवीची हकिकत मात्र कुणी सोबत ठेवली नाही.

याउलट, 5 नोव्हेंबर 2020 रोजी काठमांडूत नेपाळच्या राष्ट्रपती विद्यादेवी भंडारी यांनी आपले तेव्हाचे लष्करप्रमुख, पुण्याचे मनोज नरवणे यांना नेपाळी सेनेचं मानद जनरलपद दिलं, तलवार दिली आणि सोबत मानपत्र. दोनशे वर्षांनी ती तलवार कुणाला सापडली, तरी ती कुणी, कुणाला, कशासाठी दिली हे कळेल. भेट अशी द्यावी.

रघूजींची तलवार नागपुरात कायमची ठेवावी आणि तिच्याशेजारी आंबागडाचंही नाव लिहावं, अशी माझी मागणी आहे. तुमच्या घरी दसऱ्याला जुनी कट्यार पूजेला निघत असेल, तर ती कुठून आली, कुणी दिली हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून यंदाच लिहून ठेवा. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, 1863 पासून आहे. तिथल्या जाणकारांना ती एकदा दाखवा. भंगारात किंवा दलालाच्या हातात मात्र देऊ नका.