धन कोणाचे? : फाशांचा खजिना आणि नाणेघाटाची यादी

१९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाने कथाकथनाला एक नवे साधन दिले, ते म्हणजे कोष्टक. मेजाभोवती बसलेले चारपाच खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतात, सूत्रधार त्यांना भुयारांच्या आणि राक्षसांच्या जगात नेतो, आणि राक्षस मारला गेला की त्याच्यापाशी काय धन होते हे फाशांवर ठरते. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या कर्त्यांनी खजिन्यांचे प्रकार वर्णाक्षरांनी दाखवले होते. प्रत्येक अक्षरापुढे तांबे, रुपे, सोने, रत्ने, जादूच्या वस्तू मिळण्याची शंभरात किती शक्यता, याचे आकडे. सुरुवातीच्या नियमांत मिळवलेल्या सोन्याच्या प्रमाणात पात्राचे अनुभवगुणही वाढत. म्हणजे शौर्याचे माप अखेर थैलीनेच घ्यायचे!

साहित्याच्या अभ्यासकाला यात प्रथम खटकते ती यदृच्छा. कथेतले फळ पात्रांच्या कृतीतून यावे, हा आपल्यावरचा जुना संस्कार आहे. परंतु यदृच्छेला दोष देण्याचे मला कारण दिसत नाही. फाशांनी एखाद्या पिशाच्चाच्या बिळात लहान मुलाचे चांदीचे वाळे टाकले, तर ते तिथे कसे आले हे सूत्रधाराला शोधावेच लागते. कल्पनाशक्तीला असा धक्का उपकारकच ठरतो. माझा आक्षेप निराळा आहे. त्या कोष्टकात धातूचा रकाना आहे, संख्येचा आहे, शक्यतेचा आहे. मालकाचा मात्र नाही.

तो रकाना असलेली यादी पाहायची असेल तर मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावाकडून नाणेघाट चढावा. कोकणातून जुन्नरकडे जाणाऱ्या या प्राचीन व्यापारी वाटेवरच्या लेण्यात सातवाहनकालीन लेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. राणी नागनिकेशी जोडल्या जाणाऱ्या या लेखात राजसूय, अश्वमेध आदी यज्ञ आणि त्या त्या यज्ञात दिलेली दक्षिणा नोंदवली आहे : गायी, घोडे, हत्ती, गावे, कार्षापण नावाची नाणी, आणि त्यांचे आकडे. ही यादीही खजिन्याचीच. परंतु तिच्यातला प्रत्येक आकडा एका विधीला, एका दात्याला आणि एका घेणाऱ्याला बांधलेला आहे. घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणात जकात गोळा होत असे, असे परंपरा सांगते. तेही धन कोणाचे आणि कशापायी, हे सांगता येते. (जकात देणाऱ्याला ती न्याय्य वाटली असेल का, हा प्रश्न वेगळा, पण तो विचारता तरी येतो.)

आपल्या लोककथेतही धनाला राखणदार असतो. कृपण माणूस मेल्यावर पुरलेल्या ठेव्यावर भुजंग होऊन बसतो, ही समजूत महाराष्ट्रात सर्वत्र ऐकू येते. इथे राक्षस आणि खजिना योगायोगाने एकत्र आलेले नाहीत. राखणदार हाच पूर्वीचा मालक आहे आणि त्याचे रूप हे त्याच्या लोभाचे फळ आहे. म्हणून त्याला मारून धन नेणाऱ्यालाही तो लोभ चिकटण्याचे भय कथेत शिल्लक राहते. कोष्टकातला ड्रॅगन असे काही मागे ठेवत नाही. तो मरतो आणि धन मोकळे होते.

'मोकळे धन' ही कल्पना खेळापुरती राहिली असती तर एवढे लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. शहापूर तालुक्यात १८९२ साली तानसा धरण झाले, पुढे भातसा झाले. मुंबईच्या पाण्याचा फार मोठा वाटा या परिसरातून जातो. त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईकर नळ उघडतो तेव्हा त्याच्याही कोष्टकात मालकाचा रकाना नसतो. डोंगरातले ते कोणाचेच नाही, जो पोचेल त्याचे, हे गृहीतक दोन्हीकडे एकच आहे. गुहेत राहणाऱ्याला आधी राक्षस म्हटले की त्याच्या घरातल्या वस्तूंना लूट म्हणणे सोपे जाते. आणि शहापूर-मुरबाडच्या डोंगरात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत, हे विसरून इथे कोणी 'निर्जन अरण्या'ची कथा रचू नये.

तेव्हा फासे टाकून देण्याची गरज नाही. या भागातल्या महाविद्यालयांत कथालेखन शिकवणाऱ्यांनी तर ते अवश्य वर्गात आणावेत. फाशांनी जे दिले ते मान्य करावे आणि विद्यार्थ्याकडून कोष्टकात एकच रकाना वाढवून घ्यावा : हे आधी कोणाचे होते? तो भरताना काही विद्यार्थी राक्षस मारण्याआधी थांबतील, काही लुटीतले काही परत करायला निघतील. खेळाचा वेग थोडा मंदावेल, हे खरे. पण कथेला सुरुवात तिथूनच होईल.