नाताळचे ताट रिकामे परत जाऊ नये

डिसेंबरचा उत्तरार्ध सुरू झाला की नांदेडच्या वजिराबादेत आणि लातूरच्या गंजगोलाईत लाल टोप्या, कापसाच्या दाढ्या आणि चकचकीत कागदात बांधलेली खोकी दिसू लागतात. बेकऱ्यांच्या काचेआड केकची रास लागते. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याच्या लोकसंख्येत ख्रिस्ती समाजाचे प्रमाण सुमारे १ टक्का आहे. नांदेड व लातूर या जिल्ह्यांत तर ते त्याहूनही कमी. तरीही नाताळ आता सर्वांच्या बाजारात आलेला आहे. याबद्दल खेद वाटण्याचे कारण नाही. दुसऱ्याचा सण आपल्या गावात रुळावा, ही चांगलीच गोष्ट होय. प्रश्न एवढाच आहे की, तो आपल्या घरात आला आहे की केवळ आपल्या दुकानात?

प्रस्तुत लेखकाचे बालपण नांदेड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी गेले. भिंतीला भिंत लागून एका ख्रिस्ती परिचारिकाबाईंचे घर होते. नाताळच्या आठवडाभर आधीपासून त्या घरातून तळणाचा वास येई. करंज्या, शंकरपाळी, चकल्या, रव्याचे लाडू, म्हणजे जवळजवळ आमच्या दिवाळीचाच फराळ. केकही घरीच होई. भट्टी नव्हतीच, जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवून तीत केकचा डबा ठेवायचा आणि वरच्या झाकणावर निखारे पसरायचे. २५ तारखेला सकाळची उपासना आटोपली की त्यांची मुलगी क्रोशाच्या रुमालाने झाकलेले ताट घेऊन गल्लीतून घरोघर जाई. आमची आई ते ताट धुऊन पुसून ठेवी. परंतु रिकामे कधीच परत पाठवीत नसे. दुसरे काही नसले तर मूठभर साखर किंवा गुळाचा खडा तरी त्यात पडेच. रिकामे भांडे परत करू नये, हा आपल्याकडचा जुना दंडक. त्या एका दंडकावर त्या गल्लीतील शेजार उभा होता, असे आज मागे वळून पाहताना वाटते.

खोक्याला परतीची वाट नाही

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या सुविख्यात निबंधात भेटवस्तूंच्या देवघेवीचा विचार केला आहे. देणे, स्वीकारणे आणि परतफेड करणे अशी तीन बंधने भेटीमागे असतात आणि त्यांतूनच समाजातील नाती बांधली जातात, असे त्यांचे प्रतिपादन. आमच्या आया-आज्यांनी मॉस वाचलेला नव्हता. पण ताट रिकामे जाऊ द्यायचे नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. ताट गेले की ते परत येणार, परत येताना काही घेऊन येणार, आणि या जाण्यायेण्यात दोन घरांमधले दार उघडे राहणार.

दुकानातून आणलेल्या खोक्याचे तसे नाही. खोके धुवावे लागत नाही आणि परतही द्यावे लागत नाही; ते कचऱ्यात जाते व त्याबरोबर व्यवहार संपतो. पुष्कळदा ते खोके न उघडताच तिसऱ्या घरी रवाना होते, हा अनुभवही सार्वत्रिक आहे. हातच्या करंजीचे असे होऊ शकत नाही. ती कोणाच्या घरची, हे तिच्या मुरडीवरून ओळखू येते.

ही रीत केवळ आपल्या गल्लीपुरती नाही. गोव्यात नाताळच्या घरगुती गोडधोडाला कुसवार असे नाव आहे. नेवऱ्या, दोदोल, फणीवर किंवा काट्यावर वळलेले कुलकुल अशा पदार्थांची ताटे तेथे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जातात. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू घडला असेल त्या घरी गोड करीत नाहीत. म्हणून शेजारी तेथे आवर्जून ताट पाठवितात. आपल्याकडे दिवाळीतही नेमके हेच चालते. दुःखाच्या घरी कढई चढत नाही, परंतु त्या घरची मुले फराळावाचून राहत नाहीत. दोन धर्म, दोन सण, पण शहाणपण एकच. ज्या घरात सण स्वतःच्या पायाने येऊ शकत नाही, तेथे तो शेजाऱ्याच्या हाताने पोहोचतो. घरी केलेल्या भेटीचे याहून मोठे समर्थन कोणते असू शकेल?

ताट स्वीकारण्याचा प्रश्न

तथापि, या आठवणी सांगताना आपण एक कटू सत्य दडवून ठेवता कामा नये. ताट पाठविणारे घर होते, तसे ते न स्वीकारणारेही घर होते. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजात अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून आलेली कुटुंबे पुष्कळ. धर्म बदलला तरी शेजाऱ्याच्या मनातील विटाळ बदलला नव्हता. कोठे ताट दारातूनच परत जाई. कोठे ते हसून घेतले जाई आणि मागच्या दाराने गुरांपुढे रिते होई. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे ठाऊक आहे. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यानंतर स्वतः लक्ष्मीबाईंच्या मनातील सोवळेओवळे किती सायासाने, पायरीपायरीने सुटत गेले, हे त्यांनी कसलाही आडपडदा न ठेवता लिहिले आहे.

म्हणूनच शेजारच्या घरचा लाडू तोंडात घालणे ही मराठवाड्यात साधी गोष्ट नव्हती. आजही ती सर्वत्र साधी झालेली नाही. १९७८ साली नामांतराच्या प्रश्नावरून याच प्रदेशात, आणि विशेषतः नांदेड जिल्ह्यात, दलितांची घरे जाळली गेली. जाळणारे परग्रहावरून आलेले नव्हते; ते गावचेच होते. कायद्याने समता येते, येणे आवश्यकही आहे. पण कायदा कोणाच्या स्वयंपाकघरापर्यंत जाऊ शकत नाही. तेथपर्यंत ताटच जाते. बंद खोक्यातला, यंत्राने केलेला, कारखान्याचा केक कोणाच्याही हातून घेता येतो, कारण त्याला कोणाचाच हात लागलेला नसतो. दुकानी भेटीची ही सोय आहे, आणि तिचा दोषही नेमका हाच आहे.

योगायोग असा की, डिसेंबर-जानेवारीच्या या दिवसांत आपल्या भागाची स्वतःची देण्याघेण्याची ऋतुचर्या पूर्वापार चालत आली आहे. मार्गशीर्षातील वेळ अमावास्येला लातूर, धाराशिव व नांदेडकडील माणसे शेतात जातात. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर असा बेत असतो, आणि ज्याला शेत नाही त्या सहकाऱ्याला, शिक्षकाला, कारकुनाला अगत्याचे बोलावणे असते. त्या दिवशी लातूरच्या बाजारपेठेत शुकशुकाट होतो. २०१९ साली ही अमावास्या नाताळला अगदी लागूनच आली होती. पाठोपाठ हुरडा येतो, मग संक्रांत. घरच्या वस्तूने माणसे जोडण्याची कला आपल्याला बाहेरून शिकावयाची नाही. ती आपल्या हातात आहे. आपण ती हातातून सोडीत आहोत.

सुईदोऱ्याची भेट

जे खाद्यपदार्थांचे, तेच शिवणकामाचे. मराठवाड्यातील घराघरांत जुन्या लुगड्यांची व धोतरांची गोधडी शिवली जाई. बाळंतिणीच्या घरी कुंची, दुपटे आणि मऊ गोधडी घेऊन जाणे हा रिवाज होता. त्यामागे काटकसर होती, तसा विचारही होता. शेकडो वेळा धुतलेले सुती कापड नवजात बालकाच्या अंगाला टोचत नाही. नांदेड जिल्ह्यातील किनवट-माहूर भागात तांड्यांवरील बंजारा स्त्रियांचे भरतकाम, त्यातील आरसे आणि कवड्या, कोणत्याही प्रदर्शनात शोभून दिसतील. ज्या राष्ट्रध्वजाला आपण वंदन करतो तो तयार करणाऱ्या देशातील मोजक्या खादी संस्थांपैकी एक नांदेडला आहे आणि त्यासाठीचे कापड उदगीरला विणले जाते. असा वारसा असणाऱ्या जिल्ह्यांत नाताळची भेट म्हणून प्लास्टिकची खेळणी वाटली जावीत, ही विसंगती नव्हे काय?

येथे मदत आणि भेट यांतील भेदही लक्षात घ्यावयास हवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा देशभरातून कपड्यांचे व पांघरुणांचे ढीग येऊन पडले. त्यांची नितांत गरज होती आणि ते पाठविणाऱ्यांचे ऋण मोठे आहे. परंतु मदत ही कोणासाठीही असते, भेट मात्र एकाच माणसासाठी असते. झबले शिवणारीला बाळाचे माप माहीत असावे लागते. लाडू वळणाऱ्याला शेजारच्या आजोबांना साखर वर्ज्य आहे, हे ठाऊक असावे लागते. हाताने काही करावयाचे म्हणजे आधी त्या माणसाची चौकशी करावयाची. दुकानात पैसे मोजताना ही चौकशी आपोआप गळून पडते.

आक्षेप आणि उत्तर

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. “घरी करा” असे सांगणारे बहुधा पुरुष असतात आणि करणाऱ्या बहुधा स्त्रिया. दिवसभर कचेरीत वा शाळेत काम करून संध्याकाळी घरी परतणाऱ्या स्त्रीच्या डोक्यावर आणखी एका सणाचे तळण लादणे हा शुद्ध अन्याय होय. हा आक्षेप पूर्णतः मान्य आहे. म्हणूनच येथे घरी करणे याचा अर्थ घराने करणे असा घ्यावयाचा आहे. लाडू वळावयास, करंजीची कड कातावयास, बटण लावावयास पुरुषाचा हात चालत नाही, असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही. दहा प्रकार करण्याचीही गरज नाही. तीळ, गूळ, शेंगदाणे ही आपल्या परिसरातील सामग्री आहे. तिची एक चिक्की, एक पिशवी, एक हाताने लिहिलेले पत्र, एवढे पुरे. ज्यांना तेही शक्य नसेल त्यांनी गावातील बचत गटाच्या भगिनींकडून विकत घ्यावे. तेथे निदान करणाऱ्या हातांचा मोबदला त्या हातांना मिळतो.

दुसरा आक्षेप असा की, घरगुती भेट गरीब दिसते. महिनाअखेरीस वेतनाची वाट पाहणाऱ्या नोकरदाराने पाल्याच्या शाळेतील नाताळसाठी लाल पोशाख आणि भेटवस्तू उसनवारीने आणणे हे मात्र श्रीमंतीचे लक्षण मानले जाते! मुलांना ही स्पर्धा आपणच शिकवितो. येथे शिक्षकवर्गाचे उत्तरदायित्व मोठे आहे. कार्यानुभवाचा विषय आपल्या शाळांत आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले होते, त्या विचाराचाच तो दूरचा वारस. डिसेंबरातील त्याचे दोन तास भेटी तयार करण्याला का देऊ नयेत? प्रत्येक मुलाने चिठ्ठी उचलावी आणि ज्याचे नाव निघेल त्याच्यासाठी कामट्यांचा तारा, कापडी पिशवी, पुस्तकात ठेवण्याची खूणपट्टी असे काही स्वतः करावे. विकत आणलेली वस्तू चालणार नाही, एवढाच नियम. २४ डिसेंबर हा साने गुरुजींचा जन्मदिवस. खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून नेणारा त्यांचा श्याम आपण मुलांना शिकवितो; दुसऱ्याच दिवशी त्यांना तयार खोकी आणावयास सांगतो, हे बरे नव्हे.

बंद खोल्यांची दारे

शेवटी विद्यार्थ्यांविषयी. ‘लातूर पॅटर्न’च्या नावलौकिकामुळे गावोगावची मुले लातुरात भाड्याच्या खोल्यांत आणि वसतिगृहांत राहतात, नांदेडचेही आता तसेच झाले आहे. नाताळच्या दिवशीही त्यांच्यापुढे सराव परीक्षेचे कागद असतात. एस.टी.ने आलेला घरचा डबा उघडताना त्या मुलांच्या चेहऱ्यावर काय उमटते, हे ज्याने पाहिले आहे त्याला घरगुती भेटीचे माहात्म्य वेगळे सांगावे लागत नाही. पण डबा रोज येत नाही, आणि कित्येकांच्या घरून तो येऊच शकत नाही. गुणांच्या ओझ्याखाली एकटी पडलेली ही मुले आपल्याच गल्लीत, आपल्याच माडीवर राहतात. भाडे घेण्यापलीकडे त्यांच्याशी आपला संबंध काय? दुःखाच्या घरी ताट पाठविण्याची जी रीत आपण जपली, तिचा विस्तार या एकाकी खोल्यांपर्यंत झाला पाहिजे. ताट पाठविणारे घर ख्रिस्ती आहे की हिंदू, मुसलमान, बौद्ध वा शीख, हे तेथे कोणी विचारणार नाही.

नाताळ आणि संक्रांत यांत अवघे वीस दिवसांचे अंतर आहे. यंदा एक ताट शेजारी पाठवून पाहावे. ज्यांच्या घरी नाताळचे ताट येईल त्यांनी ते धुऊन, पुसून नीट ठेवावे. संक्रांतीला तिळगूळ घालून परत नेऊन द्यावे आणि दोन घटका तेथे बसावे. या व्यवहाराला खर्च फारसा येत नाही. दाराची कडी मात्र काढावी लागते.