पाण्याचे खाते

व्यापारात ज्या एका मालाचा तुटवडा असतो, त्यावरच साऱ्या व्यवहाराची मर्यादा ठरते; इतर माल गोदामात कितीही पडून असो. सृष्टीचा हिशेबही असाच चालतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी एकोणिसाव्या शतकात हा नियम पिकांच्या संदर्भात रूढ केला : सर्वांत अपुरे पोषकद्रव्यच वाढीची सीमा ठरवते.

तळ्यात ही टंचाई बहुधा स्फुरदाची असते. हवेत नत्र अमाप आहे आणि काही नील-हरित शैवाले ते थेट घेतात. स्फुरदाला तसा मार्ग नाही. १९७३ साली कॅनडातील एका तळ्याचे पडद्याने दोन भाग केले गेले. दोन्हींत कर्ब व नत्र घातले, एकात स्फुरदही. तेवढाच भाग हिरवागार झाला.

आपल्या रंकाळ्यावरील हिरवा तवंग आणि पंचगंगेतील केंदाळ यांच्या वाढीमागेही हेच गणित आहे. सांडपाणी, साबणचुरा व शेतातून वाहून आलेले खत यांतून नत्र-स्फुरद पाण्यात साठते. शैवाल माजते, मरून कुजते, प्राणवायू संपतो आणि मासे तडफडून मरतात. या जीवहानीत कोणीही शस्त्र उचललेले नसते.

आपल्यापैकी कित्येकांचा खत-किराण्याचा व्यवसाय आहे. डीएपीत १८ टक्के नत्र व ४६ टक्के स्फुरद असते. शेतकऱ्याचा माती परीक्षणाचा अहवाल पाहून एक अनावश्यक पोते कमी विकले, तर खतावणीत ती घट दिसेल. पाण्याच्या खात्यावर मात्र ती जमाच होय.