पाणी कुठे जाणार?

रविवारी आमच्या सौ. कोळंबी सोलायला बसल्या, की मला नेल्लोर आठवते. 1994 साली बँकेने माझी बदली त्या जिल्ह्यात केली, तेव्हा किनाऱ्यालगत टायगर कोळंबीचे तलाव खणण्याची लाट आली होती. कर्जाचे प्रस्ताव माझ्या टेबलावर येत. हिशेब मोठा मोहक! खारे पाणी घ्यायचे, हॅचरीतले इवलेसे बीज सोडायचे, दिवसातून चार वेळा खाद्य टाकायचे आणि चार महिन्यांनी जाळे ओढायचे. मी सह्या करीत गेलो.

कागदावर नसलेल्या गोष्टी तलावाकाठी दिसत. दाटीत वाढणाऱ्या कोळंबीला पहाटे प्राणवायू कमी पडतो, म्हणून रात्रभर पाणी घुसळणारी चक्रे फिरत. उरलेले खाद्य नि विष्ठा तळाशी कुजे. ते पाणी एकाने खाडीत सोडायचे आणि शेजाऱ्याने तेच आपल्या तलावात ओढायचे! साहजिकच पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू आला, तेव्हा आठवड्याभरात तलावच्या तलाव आटोपले. एक कर्जदार मला म्हणाला, ‘‘सार, कोळंबी मेली, कर्ज तेवढं जिवंत आहे.’’ पण त्याच्या शेजारणीचे काय? तिने ना कर्ज घेतले, ना नफा पाहिला. तिची विहीर मात्र खारी झाली. तिचे खाते आमच्या खतावणीत नव्हतेच.

11 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने किनारा नियमन क्षेत्रातले असे तलाव बंद करण्याचा आदेश दिला. पुढे 2005 च्या कायद्याने नोंदणीच्या अटीवर या धंद्याला पुन्हा वाट दिली. 2009 पासून अमेरिकेकडची व्हॅनामेई कोळंबी आली. तिचे जनक परदेशातून रोगमुक्त म्हणून आणतात, चेन्नईत विलग ठेवून तपासतात. आज आंध्र या धंद्यात देशात अग्रेसर आहे.

कोळंबीची शेती वाईट, असे मी म्हणणार नाही. केरळातल्या पोक्काळी शेतांत पावसाळ्यात भात नि नंतर कोळंबी, हा जुना संसार आहे. पण आपल्या खाडीकाठच्या खाजणांत तलाव खणायचे, तर सांडपाणी निवळण्यासाठी जागा आधी राखावी, आणि बँकेने ती पाहिल्याशिवाय सही करू नये. पाणी कुठून येणार, हे मी प्रत्येकाला विचारले होते. कुठे जाणार, हे एकालाही विचारले नाही.